विचारले केव्हा? मोठ्या प्रकल्पांच्या निर्णयातील लोकसहभाग : एक प्रस्तावना

सेलू तालुका आकाराने लहान. बोर आणि धाम या नद्यांच्या खोऱ्यातला, काळ्या कसदार मातीचा, कपाशी-तूर-सोयाबीनचा आणि एके काळी केळीच्या बागांसाठी ओळखला जाणारा. पण गेल्या साठ वर्षांत या एवढ्याशा तालुक्यात आणि त्याच्या शेजारी जे जे येऊन गेले आणि जे येऊ घातले आहे त्याची यादी केली, तर देशातल्या मोठ्या प्रकल्पांचा जवळजवळ प्रत्येक प्रकार तीत सापडतो. हिंगणीजवळचे बोर धरण 1965 चे. त्या जलाशयाभोवतीचे जंगल 1970 मध्ये अभयारण्य झाले आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. नागपूर-वर्धा हा जुना रस्ता रुंद होऊन बुटीबोरी-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गाचा भाग बनला. सिंदी (रेल्वे) येथे ड्रायपोर्टचे भूमिपूजन 2017 मध्ये झाले आणि पुढे मल्टी मोडल लॉजिस्टिक पार्क म्हणून त्याची नव्याने आखणी झाली. समृद्धी महामार्ग इथल्या वावरांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी वाहतुकीला खुला झाला. आणि सेलूहून वर्ध्याला जाताना वाटेत लागणारे पवनार 2024 च्या आखणीत शक्तिपीठ महामार्गाचे आरंभस्थान ठरले. तिथून निघून बारा जिल्हे ओलांडत महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत जाणारा हा सुमारे 802 किलोमीटरचा रस्ता.

धरण, जंगल, महामार्ग, मालवाहतुकीचे केंद्र. यातल्या प्रत्येकाबद्दल एक प्रश्न विचारता येतो. हे ठरले तेव्हा इथल्या माणसांना कोणी विचारले, केव्हा विचारले आणि नेमके कशाबद्दल विचारले?

या प्रश्नाचा शिस्तीने अभ्यास करणारे एक ज्ञानक्षेत्र गेल्या अर्धशतकात जगभर उभे राहिले आहे. कायदा, नियोजन, समाजशास्त्र, अभियांत्रिकी, पर्यावरण विज्ञान आणि राज्यशास्त्र अशा अनेक वाटांनी माणसे त्यात येतात. मराठीत मात्र या विषयावरचे लेखन बहुतेक आंदोलनांच्या इतिहासात, न्यायालयीन निकालांच्या बातम्यांत आणि कार्यकर्त्यांच्या आठवणींत विखुरलेले आहे. विषयाला एकसंध ओळख मिळावी आणि नव्या अभ्यासकाला त्यात आत्मविश्वासाने पाऊल टाकता यावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. इथे येण्यासाठी पदवीची अट नाही. ज्याला सातबारा वाचता येतो, ज्याने मोजणीच्या वेळी स्वतःच्या धुऱ्यावर उभे राहून खुणेचे दगड रोवले जाताना पाहिले आहेत, त्याच्याकडे या विषयाची निम्मी सामग्री आधीच आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. सहभागाची मोजदाद करताना आपण जनसुनावणीला किती लोक आले, किती बोलले, किती हरकती दाखल झाल्या हे मोजतो. सरकारी अहवाल हेच मोजतात आणि विरोध करणारेही हेच मोजतात. पण खरी पारख वेगळ्या ठिकाणी आहे. लोकांना विचारले त्या दिवशी काय काय ठरायचे बाकी होते, हे आधी पाहायला हवे. सगळे ठरून गेल्यावर हजार माणसे बोलली तरी निर्णयात त्यांचा वाटा शून्य. आणि काहीच ठरलेले नसताना गावातली पंचवीस माणसे बोलली, तर तो वाटा मोठा असू शकतो.

मोठा प्रकल्प एका दिवसात ठरत नाही. आधी कुणीतरी म्हणते की अशा रस्त्याची गरज आहे. मग हे काम दुसऱ्या मार्गाने होईल का, म्हणजे असलेला रस्ता सुधारून किंवा रेल्वेवर भर देऊन, याचा विचार होतो किंवा होत नाही. मग आखणी: रेषा कुठून जाणार. मग रुंदी, उंची, भराव, पूल, मोऱ्या, भुयारी मार्ग. मग पैसा कोण घालणार आणि टोल कोण घेणार. मग जमीन, मोबदला, पुनर्वसन. मग प्रत्यक्ष काम, त्यासाठी लागणारा मुरूम आणि पाणी, काम चालू असताना गावरस्त्यांवरून धावणारे टिप्पर. आणि शेवटी, रस्ता झाल्यावर नाल्याचे पाणी तुंबले तर कोणाकडे जायचे, हा प्रश्न. आपल्याकडचे कायदे या साखळीत काही ठराविक जागी दार उघडतात. ते दार कुठे आहे हे ओळखणे हा या अभ्यासाचा पहिला धडा.

मागे वळून पाहिले तर महाराष्ट्राला या विषयाचा वारसा फार जुना आहे. मुळशी पेट्यात टाटांनी विजेसाठी धरण बांधायला घेतले ते 1920 च्या सुमारास. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि 1894 चा भूसंपादन कायदा खासगी कंपनीसाठी वापरला गेला. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट त्यातून ‘सेनापती’ झाले आणि 1924 पर्यंत तो लढा रेटत राहिले. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर केलेले संशोधन या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. धरणविरोधी लढ्याचा इतिहास त्यात आहेच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ‘लोक’ हा एकजिनसी समूह नसतो हे त्यातून लख्ख दिसते. जमीन कसणारे मावळे आणि त्या जमिनींवर कर्जाचा हक्क सांगणारे पुण्याचे सावकार यांचे हित एक नव्हते. सावकारांना चांगला मोबदला मिळाला की त्यांचा प्रश्न सुटणार होता. मावळ्यांचा प्रश्न मोबदल्याने सुटणारा नव्हता. शंभर वर्षे उलटली तरी हा भेद जशाचा तसा आहे. फक्त त्यातली माणसे बदलली.

सेलू तालुक्यातच पाहा. सातबारावर नाव असलेला मालक नागपुरात नोकरीला असतो. वावर मक्त्याने किंवा बटईने दुसराच करतो. त्याच्याकडे सालदार असतो. निंदणीला येणाऱ्या बाया शेजारच्या पाड्यावरच्या असतात. जमीन संपादित झाली की नोटीस मालकाला येते, हरकत मालकाची ऐकली जाते, धनादेश मालकाच्या खात्यात जमा होतो. मक्तेदाराचा हंगाम आणि मजुरांची रोजी कागदावर कुठेच नसते. घरातल्या बाईचे नाव सातबारावर नसेल तर तिलाही कोणी विचारत नाही, मग ती त्या वावरात तीस वर्षे राबलेली का असेना. 2013 च्या भूसंपादन कायद्याने हे ओळखले. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या या कायद्यात जमिनीवर उपजीविका असलेली भूमिहीन कुटुंबेही ‘बाधित’ ठरली. भूसंपादनाआधी सामाजिक परिणामांचे मूल्यांकन, त्यावर गावात जनसुनावणी आणि अहवालाची तपासणी करायला स्वतंत्र तज्ज्ञ गट अशी रचना त्यात आली. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती, असेही ठरले. 1894 च्या कायद्याच्या मानाने हे अंतर मोठेच होते.

पण 2018 मध्ये महाराष्ट्राने या कायद्यात दुरुस्ती केली. राज्य महामार्गांचा 1955 चा कायदा, औद्योगिक विकासाचा 1961 चा कायदा, नगररचनेचा 1966 चा आणि म्हाडाचा 1976 चा कायदा यांखाली होणारी संपादने 2013 च्या कायद्याच्या प्रक्रियेतून वगळली गेली. मोबदल्याच्या तरतुदी कायम राहिल्या. सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आणि संमती गळाली. याचा अर्थ नव्या अभ्यासकाने नीट समजून घ्यावा, कारण पुढच्या दहा-वीस वर्षांतील महाराष्ट्राच्या रस्त्यांचा इतिहास त्यात दडलेला आहे. किती पैसे द्यायचे हे राज्याने लोकांशी बोलून ठरवायला हरकत घेतली नाही. रस्ता हवा का आणि तो माझ्या गावाचे काय करील, हा भाग मात्र चर्चेबाहेर ठेवला.

समृद्धी महामार्गाचे कालपत्रक या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. घोषणा 2015 मध्ये झाली. 2016 मध्ये लँड पूलिंगची योजना आली: जमीन द्या, बदल्यात विकसित भूखंडाचा वाटा आणि दहा वर्षे ठराविक वार्षिक रक्कम घ्या. नाशिक, ठाणे, औरंगाबाद या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी मोजणी अडवली, सभा घेतल्या, मोर्चे काढले. सरकारने मग थेट खरेदीचा मार्ग खुला केला. ग्रामीण भागातील वाढीव गुणक आणि स्वखुशीने विकणाऱ्याला वरचे 25 टक्के धरून मोबदला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत गेला. दहा जिल्ह्यांतून जाणारा हा 701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झाला.

या क्रमात लोकांनी काही मिळवले का? नक्की मिळवले. पूलिंगऐवजी खरेदी हा मोठा बदल शेतकऱ्यांच्या विरोधामुळेच झाला आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पर्यावरण परवानगीसाठी जिल्हावार जनसुनावण्याही झाल्या. पण आखणीची रेषा, रस्त्याची गरज, अस्तित्वातल्या मार्गांचा पर्याय हे विषय लोकांपुढे खुलेपणाने कधी आले नाहीत. आणि थेट खरेदीला ‘स्वखुशी’ म्हणताना हेही लक्षात घ्यायला हवे, की विक्री नाकारणाऱ्यापुढे सक्तीचे संपादन उभे होते आणि त्यात मिळणारी रक्कम कमी होती. अशा संमतीला काय म्हणावे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते ती भावाची संमती आहे, प्रकल्पाची नव्हे.

कामाच्या काळातला एक अनुभव सेलूकरांना चांगला आठवेल. उंच भरावासाठी लाखो ब्रास मुरूम लागतो. तो कुठून काढायचा यावरून तालुक्यात मोठा वाद उभा राहिला, महसूल खात्याच्या दंडाच्या नोटिसाही निघाल्या. भरावाची उंची ठरली तेव्हाच मुरुमाची गरज ठरली होती, पण त्या निर्णयाच्या वेळी टेकडी गमावणाऱ्या गावाला कोणी बोलावले नव्हते. रस्त्याची जमीन ज्या गावातून गेली ते गाव ‘बाधित’. रस्त्याचा मुरूम ज्या गावातून गेला त्या गावाला कायद्यात नावच नाही.

पांदण रस्त्यांचेही तसेच. बंदिस्त महामार्ग म्हणजे दोन्ही बाजूंना कुंपण. घर एका बाजूला, वावर दुसऱ्या बाजूला. बैलबंडी, ट्रॅक्टर, गुरे यांच्यासाठी भुयारी मार्ग कुठे हवा, किती उंच हवा, पावसाळ्यात त्यात पाणी साचेल का, याचे उत्तर त्या शिवारात हयात घालवलेल्या माणसाइतके नेमके कोणालाच देता येत नाही. नाला उन्हाळ्यात कोरडा दिसतो. आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत तो किती पसरतो, कोणाच्या ओलितात शिरतो, काळी माती फुगल्यावर पाणी कोणत्या बाजूला वळते, हे गावाला पाठ असते. सर्वेक्षणाची तुकडी बहुधा उघडिपीच्या दिवसांत येते. म्हणून सहभागाकडे मी हक्क म्हणून पाहतो तसेच ज्ञानाचा मार्ग म्हणूनही पाहतो. लोकांना न विचारणे हा अन्याय आहेच, शिवाय तो कच्चा अभियांत्रिकी अभ्यासही आहे.

आता जनसुनावणीविषयी थोडे सविस्तर, कारण बहुतेकांचा या विषयाशी पहिला संबंध तिथेच येतो. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची अधिसूचना देशात पहिल्यांदा 1994 मध्ये आली, जनसुनावणी तीत 1997 मध्ये जोडली गेली आणि आजची चौकट 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेची आहे. सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी असतो. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो. अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी ठेवाव्या लागतात. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त तिथेच वाचून दाखवायचे असते. उपस्थितीची किमान संख्या ठरलेली नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या सुनावणीत मतदान नसते. लोकांचे म्हणणे नोंदवले जाते. प्रकल्प करणाऱ्याने त्यावर उत्तर द्यायचे आणि तज्ज्ञ समितीने ते तपासायचे.

कागदावर ही रचना वाईट नाही. तिचा कस लागतो तो भाषेवर. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी 16 मे 2010 रोजी माडबनला झाली, तेव्हा मराठीतला अहवाल वेळेत आणि सर्व ग्रामपंचायतींना मिळाला नाही ही गावकऱ्यांची मुख्य तक्रार होती. तो अहवाल आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केला होता. दहा वर्षांनी, 2020 मध्ये, केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला तो इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत त्याचे भाषांतर करण्याचा आदेश दिला. त्याच मसुद्यात सुनावणीच्या सूचनेची मुदत 30 वरून 20 दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. शेकडो पानांचा तांत्रिक अहवाल वीस दिवसांत मिळवायचा, वाचायचा, कुणा जाणकाराकडून समजून घ्यायचा आणि हरकत लिहायची, हे कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्या गावाला जमेल, याचा विचार मसुदा लिहिणाऱ्यांनी केला नव्हता.

काही प्रकल्प तर या अधिसूचनेच्या कक्षेतच येत नाहीत. रेल्वे त्यांतली सर्वांत मोठी. नवी मार्गिका टाकायची तर पर्यावरणीय जनसुनावणी होत नाही. जमीन हवी असल्यास रेल्वे कायद्याखाली 30 दिवसांत हरकत घेता येते, एवढेच. राष्ट्रीय महामार्गासाठी ही मुदत 21 दिवसांची आहे आणि हरकत ऐकणारा अधिकारी जमिनीपुरतेच ऐकतो. शहर झालेल्या गावांची अडचण आणखी वेगळी. सेलू आज नगरपंचायत आहे, म्हणजे सेलूला ग्रामसभा नाही. शहरांसाठी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण ती प्रत्यक्ष भरताना क्वचितच दिसते. लहान शहराच्या नागरिकाला ठराव करण्याची जागाच उरत नाही, याकडे अभ्यासकांनी आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. नव्या संशोधकाला इथे भरपूर काम आहे.

बाहेरच्या जगातले तीन संदर्भ जवळ ठेवावेत. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासिकेने 1969 मध्ये सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. तळाशी लोकांची दिशाभूल, मध्ये माहिती देणे आणि सल्ला घेणे, वर भागीदारी आणि सर्वांत वर नागरिकांच्या हाती सत्ता. आपली जनसुनावणी मधल्या पायऱ्यांवर आहे. 1998 च्या आऱ्हूस कराराने युरोपीय देशांत माहिती, सहभाग आणि न्यायालयात दाद असे तीन हक्क एकत्र बांधले, आणि सर्व पर्याय खुले असतानाच सहभाग मिळाला पाहिजे असे स्पष्ट लिहिले. तिसरा संदर्भ जागतिक धरण आयोगाच्या नोव्हेंबर 2000 मधील अहवालाचा. मेधा पाटकर त्या आयोगाच्या सदस्य होत्या, म्हणजे नर्मदेच्या काठचा अनुभव त्या अहवालापर्यंत पोचलेला होता. धरणाच्या बाजूचे अभियंते आणि विरोधातले कार्यकर्ते एका मेजावर बसून एकच अहवाल लिहू शकले, हे त्या आयोगाचे मोठेच काम.

यापुढे मात्र परदेशी सिद्धांतांकडे धावण्याआधी आपण राहतो त्या जिल्ह्याकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत बसून काम करत होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते आणि 1939 च्या सुमारास त्या समितीने सुमारे 600 गावांची पाहणी करून अहवाल दिला. योजना आखण्याआधी गावात जाऊन तिथे काय आहे, काय लागते, कोण काय करू शकतो हे विचारायचे, ही त्यांची पद्धत. पवनारला विनोबांनी सर्वसंमतीचा विचार मांडला आणि ग्रामदानातून तो गावाच्या कारभाराशी जोडला. बहुमताने निर्णय घेतला तर हरलेले लोक गावातच राहतात आणि उद्या त्यांच्यासोबतच जगायचे असते, ही त्यामागची व्यावहारिक जाण आहे. मोठ्या रस्त्याच्या बाबतीत 800 किलोमीटरवर सर्वसंमती शक्य नाही हे मला कळते. पण प्रत्येक शिवारापुरती, भुयारी मार्ग, मोरी, पांदण आणि मुरुमाच्या खाणीपुरती ती शक्य आहे, आणि तिथेही ती कोणी मागत नाही.

या विचाराचे सर्वांत पक्व रूप गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात दिसते. 1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, बाबा आमट्यांचा त्याला पाठिंबा होता. त्या वातावरणातून मेंढ्यात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी एक पद्धत घडवली. गावात अभ्यासगट बसतो. तिथे बाहेरचा जाणकार येऊ शकतो, प्रश्न कितीही वेळ चालू शकतो, कोणतीही शंका लहान नसते. पण अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि सर्वांच्या सहमतीने. अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवल्याने दोन्ही सुधारतात, कारण शिकताना कुणाला आपली बाजू राखायची नसते आणि ठरवताना कुणी अंधारात नसतो. 2009 मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागे या अभ्यासाची अनेक वर्षे होती. आपल्या जनसुनावणीत नेमके याच्या उलट घडते: त्या एका दिवसात लोकांनी प्रकल्प समजूनही घ्यायचा आणि त्यावर मतही द्यायचे. मेंढ्याची पद्धत आदिवासी गावापुरती आहे असे म्हणून बाजूला ठेवण्याची घाई करू नये. सेलू तालुक्यातले कोणतेही गाव तिचा वापर उद्यापासून करू शकते, त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

ग्रामसभेचा शब्द अखेरचा ठरल्याचेही उदाहरण देशात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी ओडिशातील नियामगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. महाराष्ट्रात 21 सप्टेंबर 2008 रोजी रायगड जिल्ह्यात 22 गावांच्या शेतकऱ्यांनी महामुंबई सेझवर सरकारी देखरेखीखाली मतदान केले. त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही. भूसंपादनाची मुदत टळली आणि तो प्रकल्प त्या रूपात उभा राहिला नाही. मतदान घेऊन निकाल न सांगणे हे लोकशाहीत बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजूही तेवढ्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर विचारत बसलो तर रस्ता वीस वर्षे होणार नाही, खर्च वाढेल, आणि ज्यांना त्या रस्त्याचा लाभ आहे त्या लाखो प्रवाशांना, व्यापाऱ्यांना, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला कोण विचारणार, असे प्रशासनातले प्रामाणिक अधिकारी म्हणतात. हा मुद्दा खोटा नाही. लाभ विखुरलेला असतो आणि तोटा एका शिवारात साचतो, म्हणून तोटा झालेल्याचा आवाज मोठा वाटतो. सहभागाच्या नावाखाली दलाल आणि पुढारी गावाच्या वतीने सौदे करतात, हेही आपण पाहिले आहे. पण बेंट फ्लिव्हबर्ग यांनी जगभरच्या महाकाय प्रकल्पांचा जो अभ्यास केला, त्यात खर्च फुगणे आणि अपेक्षित वापर न होणे हे नेहमीचेच दिसते. सुरुवातीचे आकडे फार आशावादी असतात आणि ते तपासणारा बाहेरचा कोणी नसतो, हे त्याचे एक मोठे कारण. लवकर विचारलेला अवघड प्रश्न वेळ वाचवतो. शक्तिपीठ महामार्गाची अधिसूचना 2024 मध्ये निघाली, कोल्हापूर-सांगलीत शेतकरी रस्त्यावर आले, त्याच वर्षी कोल्हापुरातले संपादन मागे घ्यावे लागले, आणि 24 जून 2025 रोजी मंत्रिमंडळाने आखणी व भूसंपादनासाठी 20,787 कोटी रुपयांना मान्यता दिल्यावर वाद पुन्हा पेटला. गरजेचा आणि आखणीचा प्रश्न आधी लोकांपुढे ठेवला असता तर यातला किती काळ वाचला असता, याचा हिशेब अभ्यासकांनी मांडायला हवा.

छोट्या घटनांकडेही दुर्लक्ष नको. 2020 मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा नागरिक उभे राहिले आणि तोड थांबली. झाडे पडायला लागल्यावर विचारणे सुरू झाले, हा त्यातला दुःखद भाग. पण नागरिक, वास्तुरचनाकार, विद्यार्थी आणि आश्रमातली माणसे एकत्र बसून रस्त्याच्या पर्यायी आखणीबद्दल बोलू लागली, ही सुरुवात मोलाची होती.

नव्या अभ्यासकाला शेवटी एक विनंती. मोठे ग्रंथ नंतर वाचा, आधी तुमच्या गावातून गेलेला किंवा जाणार असलेला एकच प्रकल्प निवडा. एका वहीत त्याची तारीखवार नोंद करा: घोषणा, राजपत्रातली अधिसूचना, मोजणी, हरकतींची मुदत, सुनावणी, निवाडा, मोबदला, कामाची सुरुवात. कागद मिळत नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली मराठीत अर्ज करा. दहा रुपये शुल्क आहे आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ज्या निर्णयांचा लोकांवर परिणाम होतो त्यांची सर्व तथ्ये निर्णय जाहीर करतानाच प्रसिद्ध करावीत आणि बाधितांना कारणे द्यावीत, असे त्याच कायद्याचे कलम 4 सांगते. त्या कलमाचा अर्जात उल्लेख करा. मग प्रत्येक तारखेसमोर लिहा की त्या दिवशी काय ठरले होते, काय ठरायचे होते आणि कोणाला विचारले गेले. मक्तेदार, सालदार आणि निंदणीच्या बाया यांच्याशी वेगळे बोला, कारण नोटिशीत त्यांची नावे सापडणार नाहीत. वही पूर्ण झाली की ती ग्रामसभेत, आधी महिलांच्या ग्रामसभेत, वाचून दाखवा. तुमच्या शहराला ग्रामसभा नसेल तर वॉर्डातल्या लोकांना बोलावून वाचा. आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत, दुसरी गावच्या वाचनालयात जमा करा.